शकुनाचा राणीछाप रुपया

माझ्या धाकट्या बहिणीची सुपारी फुटली तेव्हा मुलाकडच्यांनी तिच्या ओटीत एक राणीछाप रुपया घातला. तो चार वर्षे आमच्या देव्हाऱ्यात होता. पाचव्या वर्षी तो परत करण्याची वेळ आली, तेव्हा ज्यांचा होता त्यांनीच तो आपला नसल्याचे सांगितले. बहिणीचे लग्न दुसरीकडे होणार की नाही, हे त्या एका रुपयावर अडून राहिले.

आम्ही नळदुर्गचे. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालत. आईला आम्ही अव्वा म्हणत असू. वडील लवकर गेले आणि किराण्याचे दुकान माझ्याकडे आले. नळदुर्ग निजामाच्या मुलखात, सोलापूर इंग्रजांच्या, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. त्यामुळे आमच्या गल्ल्याला दोन खण होते. एकात निजामाचा हाली रुपया, त्यावर चारमिनार. दुसऱ्यात इंग्रजांचा कलदार. हालीला बट्टा बसे. पुढे दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली आणि कलदारातही लोक निवड करू लागले. लढाईत निघालेल्या नव्या बादशहाछाप रुपयात चांदी निम्मीच आहे हे सगळ्यांना कळले होते. तो फरशीवर टाकला तर बद्द वाजे. विक्टोरिया राणीचे तोंड असलेले जुने रुपये मात्र खणखणीत, पुऱ्या चांदीचे. ज्यांच्याकडे ते होते त्यांनी ते गाडग्यात घालून उतरंडीत ठेवले, आणि बाजारात राणी दिसेनाशी झाली.

बहिणीच्या ओटीतला रुपया राणीछाप होता. मुलाचे घर परंड्याचे. आमच्यासारखेच शिवाला मानणारे, भुसार मालाचा व्यापार करणारे. त्यांच्या घरी सुनेच्या ओटीत पडणारा रुपया ठरलेला असे. सुपारीच्या दिवशी तो मुलीच्या घरी जाई, लग्नापर्यंत तिथल्या देव्हाऱ्यात राही आणि लग्नात नव्या सुनेच्या पदराला बांधून परत येई. मुलाच्या आईनेही तो तसाच आणला होता. सोयरीक मोडली तर तोच रुपया परत द्यायचा. मुलाच्या बापाने तो ताटातून उचलून हातात घेतला की मुलगी मोकळी झाली. तोपर्यंत ती त्या घरची, मग लग्न झालेले असो वा नसो.

मुलगा सुपारीनंतर सोलापूरला गेला आणि तिथून लष्करात मोटार हाकायला भरती झाला. पहिल्या वर्षी पत्रे आली, मग थांबली. वाईट बातमीची तारही आली नाही. आम्ही लग्नाचे विचारले की परंड्याहून निरोप येई, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर विचारले की संक्रांत पुढे येई. अशी चार वर्षे गेली. बहीण अठरा पार करून गेली होती. तिच्या बरोबरीच्या मुली माहेरपणाला येऊन परत जात होत्या.

त्या वर्षी उमरग्याच्या एका कापडदुकानदाराच्या घरून तिला मागणी आली. माणसे सरळ होती आणि बोलणेही सरळ. पहिला रुपया घेतला गेल्याचे कळले की आम्ही सुपारी घेऊन येतो, पण ही लग्नसराई संपेपर्यंतच थांबू, असे त्यांनी सांगितले.

रुपया परत करायला मी आणि आमचे जंगमस्वामी निघालो. सुपारी त्यांच्याच हातून फुटली होती. सोलापूरहून रेल्वेने कुर्डुवाडी, तिथून मोटारीने परंडा. निजामाच्या हद्दीत शिरताना नाक्यावर मोटार थांबली. शिपायाने माझी पिशवी उघडली. आत एक छोटे ताट, त्यावर फडके, फडक्यात हळदकुंकवाने माखलेला एक रुपया.

“हे कशासाठी?” त्याने विचारले.

“सोयरीक मोडाया चाललोय,” स्वामी म्हणाले.

शिपायाने फडक्याची गाठ पहिल्यासारखी बांधून दिली. “ह्याच्यावर महसूल न्हाई,” तो म्हणाला.

परंड्यात मुलाच्या वडिलांनी आमचे चांगले स्वागत केले. पाय धुवायला पाणी, घोंगडी, चहा. मुलाची आई आतल्या दाराशी उभी होती. चहा झाल्यावर मी ताट त्यांच्यापुढे ठेवून फडके सोडले. ते पुढे वाकले, पण त्यांनी हात लावला नाही.

“ह्यो आमचा न्हाय,” ते म्हणाले.

“मामा, तुमीच घातलेला हाय. मी शेजारी बसलेलो,” मी म्हणालो.

“म्या घातला तवा राणीच्या चोळीवरची नक्षी मोजता येत हुती. हिला तर नाक बी धड न्हाय. देव्हाऱ्यात बसून रुपया झिजतो व्हय? रुपया झिजतो बाजारात. तुमी दुकानदार मानसं. चांदीचा भाव बघून आमचा इकला आसंल, आन् गल्ल्यातला एक घासका उचलून आनला.”

“हातात घिऊन तर बघा,” स्वामी म्हणाले.

“हातात घ्याया म्या खुळा हाय का, स्वामी?”

मी काही बोलणार तोच स्वामींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मुलाचे नाव त्या बैठकीत कोणीच काढले नाही. जेवून जा म्हणाले. आम्ही जेवलो नाही. मी ताट बांधत असताना आतल्या दाराशी आता कोणी नव्हते.

 परतताना कुर्डुवाडीच्या फलाटावर स्वामी म्हणाले, “त्यो काय लबाड मानूस न्हाई. रुपया सुनंबरुबर यायचा. सुनंबिगर रुपया घरात घ्यायचा म्हंजी पोरगं येत न्हाई असं आपल्याच तोंडानं कबूल करायचं. त्येला निमित्त पायजे हुतं. तुमच्या राणीनं दिलं.”

निमित्त खोटे होते असे मात्र मला म्हणता येत नव्हते. रेल्वेत मी रुपया खिडकीशी धरून पाहिला. सुपारीच्या दिवशी राणीच्या मुकुटाखालचे केस वेगवेगळे दिसत होते आणि चोळीवर वेलबुट्टी होती. आता केसांचा एक गुळगुळीत उंचवटा राहिला होता. गाल, नाक, कपाळ एकमेकांत मिसळले होते. माझ्या गल्ल्यात असा रुपया आला असता तर मीही तो बाजारात फार फिरलेला समजलो असतो.

घरी आल्यावर अव्वाला झाले ते सांगितले. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने ताटातला रुपया उचलला आणि परसात गेली. मला वाटले धुवायला गेली असेल. विटकरीच्या भुकटीचा डबा उघडल्याचा आवाज आला तेव्हा मी मागे गेलो. चिंच कालवून झाली होती. हातात काथ्या होता.

“काय करती?”

“लखलखीत करते. त्यांना नीट दिसला नसंल.”

“अव्वा, त्यो घासूनच असा झालाय.”

“घासल्यानं वस्तू साफ व्हती. जाती व्हय कुठं?”

मी तिच्या हातातून रुपया घेतला. तिने दिला, पण काथ्या सोडला नाही. बहीण तुळशीजवळ धुणे वाळत घालत होती. ती म्हणाली, “राणी आपल्या घरात आली तवा तिला नाक व्हतं. दर सोमवारी अव्वानं तिचं तोंड धुतलं.”

“तू गप,” अव्वा म्हणाली. “तुझ्यासाठीच धुत हुते.”

“मला त्या मानसाचं तोंड आठवत न्हाय. राणीचं आठवतं. आता तेबी पुसलं.”

हे ती हसत म्हणाली. अव्वा हसली नाही. तिने भुकटीचा डबा बंद करून फळीवर ठेवला आणि त्या आठवड्यात देव नुसत्या पाण्याने धुतले.

आमच्याकडे विटकरीची भुकटी वस्त्रगाळ करून ठेवलेली असे. पितळेची भांडी तिनेच घासत. बहुतेक घरांत देवांना राख वापरत. अव्वाला राख पुरी पडत नसे. आमची चूल देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून होती आणि धुराने चांदी लवकर काळी पडे. सोमवारी देव न्हाऊन झाले की ती रुपया चिंचेत बुडवी, भुकटीने घाशी, पुशी आणि वर कुंकवाचे बोट लावी. चार वर्षे घरातल्या कोणालाच त्यात वावगे दिसले नव्हते. आता तो रुपया घासून झिजला हे आमच्या घरापुरते कळले. परंड्याला ते पटवणार कोण, हा प्रश्न होता. आमच्याच सांगण्याला तिथे किंमत नव्हती.

तोड स्वामींनी काढली. तुळजापुरात देवळाच्या खालच्या अंगाला एक वयस्कर सराफ होता. दोन्ही घरांशी त्याचा व्यवहार नव्हता. सोलापूरकडून येणाऱ्या यात्रेकरूंना कलदाराचे हाली करून देणे, देवाचे टाक विकणे, जुनी चांदी घेणे, हा त्याचा धंदा. दिवसभर त्याच्या हातून नाणी जात. स्वामींनी परंड्याला निरोप धाडला की रुपया बाजारात झिजला की नाही, एवढेच त्याला विचारू. मुलाच्या वडिलांना नाही म्हणायला जागा नव्हती. आक्षेप त्यांचाच होता. ते येतो म्हणाले. देवीचे दर्शन घ्यायचे म्हणून मुलाची आईही बरोबर येणार असल्याचे कळले. तेव्हा अव्वा म्हणाली, मग मीही येते.

मंगळवार आणि शुक्रवार टाळून आम्ही गेलो, तरी गल्लीत गर्दी होतीच. सराफाचे दुकान म्हणजे रस्त्यापासून दोन पायऱ्या वर एक बैठक, पांढरी गादी, पुढे काचेची पेटी. आम्ही पोचलो तेव्हा परंड्याची माणसे आधीच पायरीवर बसली होती. राम राम झाला. दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. सराफ एका यात्रेकरूशी बट्ट्यावरून बोलत होता. त्याचे आटोपल्यावर त्याने आमच्याकडे पाहिले.

“विकायचंय का?”

“न्हाई,” स्वामी म्हणाले.

“गहाण?”

“न्हाई.”

“मग मला कशाला दाखवता?”

स्वामींनी सगळे सांगितले. सराफाने ते मध्ये न बोलता ऐकले. मग तो म्हणाला, “नाणं कसं आहे ते सांगतो. काय किमतीचं आहे ते सांगतो. कुणाचं आहे ते मला विचारू नका. त्याच्यावर राणीचं नाव असतं, मालकाचं नसतं.”

मी ताट पुढे ठेवले. त्याने रुपया उचलला, ओल्या फडक्याने कुंकू टिपले आणि पेटीशेजारच्या दगडी फरशीवर टाकला. आवाज लांबत गेला. “चांदी पुरी. ह्यात शंका नको,” तो म्हणाला.  मुलाच्या वडिलांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले होते.

मग त्याने लहान तराजू काढला. एका पारड्यात आमचा रुपया ठेवला, दुसऱ्यात आपल्या पेटीतला एक राणीछाप. हा रुपया त्याने कधीच चालवला नव्हता. कलदार रुपयाचे वजन बरोबर एक तोळा, म्हणून तो त्याला मापासारखा वापरत असे. आमचे पारडे किंचित वर राहिले. त्याने डबीतून गुंजेचा एक लाल दाणा घेऊन आमच्या बाजूला टाकला. आता तेच पारडे खाली गेले.

“एक गुंजसुद्धा गेली नाही,” तो म्हणाला. “तोंडावरून पाहिलं तर हा दोन-अडीच गुंजा हलका पाहिजे होता. असे घासके माझ्याकडे रोज येतात. मग ह्याची झीज गेली कुठं?”

त्याने डोळ्याला भिंग लावले आणि रुपया काठावर उभा धरून अंगठ्याच्या नखाने फिरवला. करकर असा बारीक आवाज आला. नंतर त्याने आपल्या खणातून बाजारातला एक झिजलेला रुपया काढून तसाच फिरवला. त्याचा आवाज आला नाही.

“हे बघा,” तो मुलाच्या वडिलांना म्हणाला. “बाजारात रुपया थैलीत एकमेकांवर घासतो. लोक काठाला धरून मोजतात. म्हणून काठाचे दाते आधी जातात, मग तोंड. तुमच्या ह्या रुपयाचे दाते टाकसाळीतून आल्यासारखे आहेत आणि तोंड तेवढं गेलंय.”

“आमच्या न्हाई, ह्यांच्या रुपयाचे,” मुलाचे वडील म्हणाले.

“बरं. ह्यांच्या.” त्याने रुपया पालथा केला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग भिंग काढले आणि रुपया उताण्या तळहातावर सगळ्यांपुढे केला.

मागच्या बाजूचा वेल स्वच्छ होता. पानांच्या शिरा दिसत होत्या. मधली इंग्रजी अक्षरे आणि खालचे साल जागच्या जागी होते. मीसुद्धा ती बाजू इतक्या निरखून त्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती. सगळी तक्रार राणीच्या तोंडावरून होती आणि सगळ्यांनी तेवढेच पाहिले होते. मुलाच्या वडिलांनी तर परंड्यात ताटाला बोटही लावले नव्हते.

“बाजारात एकच अंग झिजत नाही,” सराफ म्हणाला. मग तो अव्वाकडे वळला. “बाई, हा तुम्ही धुता का?”

“धुतल्याबिगर देवापुढं ठिवायचा?”

“कशानं धुता?”

“चिंचंनं. आन् इटंच्या भुकटीनं.”

“राखेनं का नाही?”

“राखंनं काळं निघत न्हाई.”

“कुंकू कुठल्या अंगाला लावता?”

“राणीच्या. मागं नुसता येल हाय. येलाला कोन कुंकू लावतं?”

“आणि घासता तेही राणीलाच.”

“जे वर दिसतं ते घासायचं. खालचं कशाला?”

सराफाने राणीची बाजू उजेडाकडे धरली. “हिच्या गालावर बारीक ओरखडे आहेत, आणि मोकळ्या जागेतही आहेत. बोटाचा दाब मध्ये पडतो म्हणून मधला भाग जास्त गेलाय, कडेची अक्षरं राहिलीत. अक्षरांच्या मुळात विटकरीचा लाल अजून आहे. कुंकू आत्ता पुसलं, हे निघालं नाही.” मग तो मुलाच्या वडिलांना म्हणाला, “हा बाजारात गेलेला नाही. हा देव्हाऱ्यात झिजला.”

“म्हंजी आमचाच हाय म्हनता?”

“तसं मी म्हटलं नाही. आधीच सांगितलंय.”

“मग झालं की. दुसऱ्या कुनाच्या देव्हाऱ्यातला आनला आसंल.”

“विटकरीनं देव घासणारं दुसरं घर मी पाहिलेलं नाही,” सराफ म्हणाला.

पायरीवर एक यात्रेकरू आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता, तो हसला. मुलाच्या वडिलांनी त्याच्याकडे पाहिले आणि तो गप्प झाला.  मग काहीतरी विचारायचे म्हणून त्यांनी सराफाला विचारले, “किंमत काय व्हईल ह्याची?”

“चालवायचा तर राणी सरकारनं चलनातून काढलीय. वितळवायचा तर आजच्या चांदीच्या भावानं एका रुपयाच्या थोडं वर. सोलापुरात काही शौकीन जुनी नाणी जमवतात, चांगल्या राणीला चार पैसे जास्त देतात. ते ह्याला हात लावणार नाहीत. त्यांना तोंड लागतं.”

मुलाची आई इतका वेळ पायरीच्या कडेला पदर सावरून बसली होती. परंड्यातही आणि इथेही तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिने सराफाला नाही, अव्वाला विचारले.

“एवढं कशापाई घासत हुता, ईनबाई?”

 अव्वा रुपयाकडे बघत होती.

“धुरानं काळा पडायचा,” ती म्हणाली. “तुमचं पोरगं लढाईवर. त्याच्या नावाचा रुपया काळा कसा ठिवू? आदी सोमवारी घासायची. पत्र यायचं थांबलं तवापासनं गुरुवारी बी घासायला लागले.”

गुरुवारचे मला माहीत नव्हते. गुरुवारी मी सोलापूरला माल भरायला जात असे.

मुलाच्या आईने सराफापुढे हात केला. सराफाने आधी स्वामींकडे पाहिले, मग रुपया तिच्या तळहातावर ठेवला. तिने राणीकडे पाहिलेच नाही. काठ बोटाच्या पेरावरून फिरवला.

“ह्योच हाय,” ती म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं?” तिचा नवरा म्हणाला.

“राणी तुमी बघितली. म्या लगीन लागंस्तवर मुठीत दाबून बसले हुते, काठाचे दाते तळव्यात उठले हुते. मला परंड्यातच वाटलं हुतं, ह्योच आसंल. तुमी हातात घेतला आसता तर तुमाला बी कळलं आसतं.”

“मग तवा का बोलली न्हाईस?”

“तुमी बोलत हुता.”

तिने पदराचे टोक पुढे घेतले, रुपया त्यात ठेवला आणि गाठ मारली. एकावर एक, दोन गाठी. मग ती म्हणाली, “आमच्या घरात ह्यो पदराला बांधून येतो. बांधला.”

मुलाच्या वडिलांचे हात अजून उपरण्याखाली होते.   स्वामींनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतले. रिवाजाप्रमाणे रुपया बापाने घ्यायचा. इथे आईने घेतला होता. त्यावर कोणी बोट ठेवायच्या आत ते म्हणाले, “रुपया घरी पोचला. पोरगी मोकळी झाली.”

मुलाच्या वडिलांनी मान हलवली. त्यांनी सराफाला त्याची मजुरी विचारली. सराफ म्हणाला, खरेदी नाही, विक्री नाही, मजुरी कशाची. तो पायरीवरच्या यात्रेकरूकडे वळला.

दोघी बायका बरोबरच दर्शनाला गेल्या. काय बोलल्या ते अव्वाने पुढे कधी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आम्ही तिघे पुरुष मोटारीच्या अड्ड्याशेजारी चहा पीत बसलो. मुलाच्या वडिलांनी ज्वारीचा भाव विचारला. मी नळदुर्गचा सांगितला, त्यांनी परंड्याचा सांगितला. त्यांची मोटार आधी सुटली. निघताना ते मला म्हणाले, “चांगलं घर बघा पोरीला.” मी उमरग्याचे नाव सांगितले. ते म्हणाले, ते घर त्यांना माहीत आहे, माणसे चांगली आहेत.

त्यांच्या मुलाचे पुढे काय झाले, ते मला कळले नाही. लढाई संपल्यावर लष्करातली बरीच माणसे परतली. त्यांत तो होता की नव्हता, हे मी शोधले नाही; पुढे दुकान सोडून वर्तमानपत्रात कामाला लागलो, तेव्हाही नाही.

उमरग्याची माणसे पंधरवड्याच्या आत सुपारी घेऊन आली. स्वामी होतेच. बहिणीला पाटावर बसवले, ओटीत खण, खोबरे, हळकुंड पडले. मग या नव्या मुलाच्या वडिलांनी खिशातून कोरी, घडी न मोडलेली एक रुपयाची नोट काढली. ते जरा ओशाळले होते. “चांदीचा लई हुडकला,” ते म्हणाले. “नवा बद्दवाला मिळत हुता. त्यापरीस ही बरी वाटली. तुमाला चालंल का?”

सगळ्यांनी अव्वाकडे पाहिले. तिने ओटीतली नोट उचलली, उजेडाला धरली, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा उलटली.

“हिला घासता येत न्हाय,” ती म्हणाली.

“म्हनूनच चालंल,” बहीण म्हणाली. नवरीने त्या वेळी बोलायचे नसते. उमरग्याच्या मंडळींना त्यातले काही कळले नाही, पण ती माणसे हसली.

नोट देव्हाऱ्यात ठेवली. अव्वाने सवयीने तिच्यावर कुंकवाचे बोट लावले आणि ते कागदात मुरले. त्या सोमवारी तिने भुकटीचा डबा काढला, देव घासले, नोट दोन बोटांनी उचलून फळीवर ठेवली, देव पुसून जागेवर बसवले आणि मग नोट परत त्यांच्यापुढे ठेवली. पुढचा गुरुवार आला तेव्हा मी सोलापूरला गेलो नाही. तिने देव्हाऱ्याकडे पाहिले आणि स्वयंपाकाला लागली. वैशाखात लग्न लागले, तेव्हा नोट चार घड्या घालून बहिणीच्या पदराला बांधली. कुंकवाचे बोट नोटेवर होते तसेच होते.